चौकशी खिडकी

गंगाखेड आगारात, खिडकी क्रमांक दोन,
सतरा वर्षं मी ह्याच काचेमागं बसते.
परळी लागली का, अहमदपूर किती वाजता, नांदेडची गेली की काय,
आणि दुपार टळत आली की हमखास
एखादा परगावचा माणूस, खांद्यावरची पिशवी सावरत,
"बाई, इथं जेवायला चांगलं कुठं?"

मी म्हणायचे, समोर उपाहारगृह आहे.
नियमात तेवढंच बसतं.
सतरा वर्षांत मी स्वतः तिथं एकदाच जेवले,
डबा घरी विसरला होता त्या दिवशी.
परत कधी डबा विसरले नाही.

यंदा रजा-प्रवासाची सवलत बुडायला आली,
म्हणून आम्ही अंदमानला गेलो.
ह्यांनी सोबत धपाटे घेतले, शेंगदाण्याची चटणी,
लोणच्याच्या बरणीला दोन पिशव्या, वर गाठ.
दोन दिवस समुद्रासमोर बसून
पनीर खाल्लं.
हॉटेलं वेगळी, पाट्या वेगळ्या, रस्सा तोच लाल.
तिसऱ्या दिवशी धपाटे संपले
आणि ह्यांचा चेहरा बघवेना.

धक्क्यावर बोटीच्या तिकिटांची खिडकी होती.
आत एक माणूस, छातीवर नाव: तिर्की.
त्याची मान मी लगेच ओळखली,
प्रश्न पुरा व्हायच्या आत
उत्तर देऊन देऊन अशी होते मान.
त्याला मी "चांगलं कुठं" विचारलंच नाही.
मोडक्या हिंदीत म्हटलं, दादा,
तू रोज कुठं जेवतोस?

तो थांबला. पेनाला टोपण लावलं.
"भोजन अवकाश" अशी पाटी फिरवून बाहेर आला
आणि चालायलाच लागला.
आम्ही मागं, बॅगा ओढत.

बर्फाच्या कारखान्यामागं, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या पल्याड
पत्र्याचं छप्पर. चार बाकं.
मालती मंडल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
कुणाला काय पाहिजे ते विचारत नव्हती,
बघून वाढत होती.
ह्यांच्या गळ्यातली माळ बघितली, केळफूल वाढलं.
हे आधी बोटानं ढोसून बघत राहिले,
मग तीनदा भात घेतला.
मला मोहरीतला मासा. काटा कसा काढायचा
ते तिनं माझ्याच ताटात हात घालून दाखवलं.
गोदाकाठची मी, पण आमच्या नदीत
बघायला मिळते ती वाळूच जास्त.

पाणी मात्र एकच पेला, मोजून.
"बेटावर गोडं पाणी कुठून आणू दीदी,
टँकर येतो, तोही दिवसाआड."
हे एवढ्यानं हसले की ठसका लागला.
"दिवसाआड! अगं, चैन आहे इथं!"
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी.
ते तिला सांगेपर्यंत
ह्यांच्या ठसक्यापायी दुसरा पेला आला.

निघताना उरलेली चटणी तिला दिली.
बोटावर घेऊन चाखली. डोळ्यांत टचकन पाणी.
काहीतरी बोलली तिच्या भाषेत, शिवीच असणार.
डबा मात्र वरच्या फळीवर ठेवला,
तिर्कीचा हात पोचणार नाही असा.

परवा नांदेडची चुकलेला एक पोरगा,
कानात बाळी, पाठीवर हे मोठं बोचकं,
काचेच्या भोकाशी वाकला.
जेवायला चांगलं कुठं?
तोंडात समोरचं उपा... आलंच होतं.

म्हटलं, जुन्या जिनिंगच्या भिंतीला धरून जा,
सायकलवाल्याच्या पुढं हिरवं दार,
केवळाबाई म्हणून आहेत.
येसराची आमटी माग, भाकरी गरम मिळेल,
अंबाडीची भाजी उरली असेल तर तुझं नशीब.
आणि सांग, खिडकी दोननं पाठवलं.

तो गेला. रांग पुढं सरकली.
औंढ्याची कधी, औंढ्याची कधी,
आणि माझ्या डोक्यात एकच,
आज बाजाराचा दिवस,
गर्दीत केवळाबाईंच्या हातून
मीठ जरा जास्तच पडतं.