तेरा अंशांखाली

दोन हिवाळे मी चर्चची भट्टी पेटवली नाही.
रविवारी येणारी माणसं अकरा,
त्यातली तिघं बहिरी,
आणि बर्चच्या लाकडाचा भाव काय सांगू.
अकरा माणसं माझ्या स्वयंपाकघरात मावत होती,
तिथंच प्रार्थना, तिथंच कॉफी.
ऑर्गनला कसली आलीय थंडी, म्हटलं,
धातूच तो.

एप्रिलात कुलूप काढलं तर
सगळ्यात उंच नळीला
देवी आल्यासारखे फोड.
बोट लावलं.
बोट आत गेलं.
करडी पूड बाहीवर सांडली,
चुलीतल्या राखेसारखी, पण जड.

ओउलूहून तावेत्ती आला तिसऱ्या दिवशी.
हा ऑर्गन त्याच्या बापानं घडवलेला.
पूड चिमटीत चोळत त्यानं विचारलं,
"बाहेर किती होतं?"
"उणे पस्तीस. जानेवारीत चाळीस."
"आणि आत?"
मी गप्प.

मग बाकावर साखरेचे चौकोनी खडे मांडत म्हणाला,
हे बघ हिल्का, नळी कथलाची, पूडही कथलाचीच.
कशाची भर नाही, कशाची घट नाही.
गंज नाही हा.
उबेत अणू दाटीनं राहतात,
इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसतात,
गावच्या तळ्यात कुणीही होडी घालावी तसं.
म्हणून पत्रा चमकतो, वाकतो,
एक रांग दुसरीवरून घसरली तरी घर मोडत नाही.
तेरा अंशांखाली त्यांचं मन पालटायला लागतं.
प्रत्येक जण चारच शेजारी धरतो,
चारच, पण घट्ट,
आधीपेक्षा जवळ ओढून.

"जवळ आले तर घर लहान व्हायला हवं ना," मी म्हटलं.
"तिथंच तर मेख आहे."
त्यानं खडे लांब सरकवले, मधे भोकं पडली.
चौघांना कवटाळणाऱ्यांच्या मधे
रिकाम्या खोल्या पडत जातात.
चार वाट्यांचं कथील पाच वाट्या जागा मागतं,
भिंती कुठून पुरणार?
आणि एकानं केलं की त्याला टेकलेला दुसरा करतो.
"हिऱ्यातले अणूही असेच चार-चार धरून बसतात," तो म्हणाला,
"तिथं हिरा होतो.
इथं माती."

"म्हणजे चूक माझी."
त्यानं एक खडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.
"अर्धी.
लोक बापाला सांगायचे, थोडं शिसं घाल.
तो म्हणायचा, देवाच्या घरात भेसळ नको.
शंभर नंबरी कथील!
शिशाचे परके अणू मधे बसले असते
तर बाकीच्यांना असं वळता आलं नसतं."

पूड आम्ही पिठाच्या चाळणीनं चाळली,
माझ्याच चुलीवर, लोखंडी कढईत, वर चिमूटभर राळ.
आधी काहीच नाही.
मग साय फाटावी तशी करडी कातडी फाटली
आणि खालून उजेड आला.
तावेत्तीनं खिशातून जाळ्याची शिशाची वजनं काढली,
दोनदा तोलली,
टाकताना छताकडे बघून बापाशी काहीतरी बोलला.
मला ऐकू आलं नाही.

थंड झालेली एक पट्टी त्यानं माझ्या कानाशी धरली.
"वाकव."
किर्र.
आत स्फटिक कूस बदलतात, त्याचा आवाज.
"शुद्ध असतं तर मोठ्यानं रडलं असतं," तो म्हणाला,
आणि पट्टी खिशात घातली.

नळ्या उभ्या राहायला अजून दोन वर्षं.
अकरातले आता नऊ.
लाकूड मी ऑगस्टपासूनच रचतेय.
भट्टीशेजारी थर्मामीटर टांगलाय,
तेराच्या रेघेवर
लाल लोकरीचा धागा गुंडाळून.