आठ मिलिमीटर

इताउग्वात जानेवारीतल्या दुपारी दोनला
कुत्रीसुद्धा सावली बदलायचा कंटाळा करतात.
तेव्हा माझा कॉम्प्युटर
रोलोनांच्या धाकटीचं लग्न शिजवत होता,
व्हिडिओ सदतीस टक्क्यांवर,
आणि आतला पंखा असा किंचाळत होता
की शेजारच्या फिदेलिनाने भिंतीवर थाप मारली.
अठ्ठ्याण्णव अंश. मग काळा पडदा.
नवरी चर्चच्या पायरीवर, एक पाय उचललेला.

आधी फुकटचा उपाय.
झाकण काढलं, चार टाचण्या फिरवून पंखा उपटला,
आणि आत सापडली आईची सहा वर्षं:
लाल, हळदी, निळ्या दोऱ्याचा भुगा
धुळीत मळून नमद्यासारखा बसलेला.
आई खिडकीपाशी न्यांदुती विणते,
कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल लेस.
"म्हणजे माझ्यामुळे?" तिने विचारलं.
"उन्हामुळे," मी म्हणालो.
अर्धं खरं होतं.
रंगाच्या ब्रशने झाडलं,
खडू झालेली पेस्ट खरवडली.
एक्क्याण्णव.

मग पाच तास बस, सिउदाद देल एस्ते.
फेर्मीनने काउंटरवर तीन खोकी मांडली.
पाण्याचा, दिव्यांचा, साडेसात लाख ग्वारानी.
तेवढ्यात मी प्रोसेसरला
थंड हवेला डोंगरात पाठवीन, मी म्हणालो.
ठेंगणा, एक लाख दहा हजार:
जुन्या पंख्याचाच मावसभाऊ, तसाच तापट.
आणि मधला. चार तांब्याच्या नळ्या,
त्यावर अॅल्युमिनियमची पानं, वहीसारखी,
एक लाख ऐंशी. खोकं फाटकं म्हणून एक साठ.
"उंची मोजलीयस ना?" फेर्मीन म्हणाला.
मोजली होती. आईच्या टेपने.
पंधरा पूर्णांक सात. हा साडेपंधरा.
दोन मिलिमीटर उरत होते,
मी श्रीमंतासारखा हसलो.

घरी सगळं नीट झालं.
मसुराएवढा पेस्टचा ठिपका,
स्क्रू तिरपे तिरपे, थोडे थोडे,
जसं वाडग्यावर झाकण बसवावं.
फक्त बाजूचा पत्रा लागेना.
दाबला. पुन्हा दाबला.
आई तेरेरेचं शिंग भरत होती, बर्फ, पुदिना,
माझ्याकडे सरकवत म्हणाली,
"त्या टेपचा पहिला सेंटिमीटर
तुझ्या बारशाच्या वर्षीच तुटला.
मी नेहमी एकापासून मोजते. सांगितलं नव्हतं?"

आठ मिलिमीटर.
परत करायचं तर पुन्हा पाच तास,
आणि फेर्मीनचं ते तोंड.
"उघडंच राहू दे," आई म्हणाली,
"उन्हाळ्यात दार कोण लावतं?"
पत्रा पलंगाखाली गेला.
नवरीने दुसरा पाय उचलला,
चर्चमध्ये गेली, नाचली, केक कापला.
एकाहत्तर अंश.
पंखा इतका हळू
की फिदेलिनाने येऊन विचारलं, बंद पडला का?

दहा-बारा दिवसांनी लक्षात आलं,
आईची खुर्ची खिडकीपाशी नाही.
आतल्या खोलीत, फडताळाजवळ,
जिथे दुपारीसुद्धा दिवा लागतो.
दोरा सुईत ओवायला
तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.
तिसऱ्यांदा तिने सुईलाच शिवी दिली, ग्वारानीत,
जी मला लहानपणी निषिद्ध होती.

मी काही बोललो नाही.
वायरी काढल्या, कॉम्प्युटर उचलला,
स्वयंपाकघराच्या भिंतीला नेऊन लावला.
त्या भिंतीपलीकडे फिदेलिनाची भट्टी,
दिवसभर चिपा भाजते.
खुर्ची खिडकीपाशी परत ठेवली,
टेपसकट.

आता चौऱ्याहत्तर.
तीन अंश मला परवडतात.