एरंडेल

शटर पूर्ण वर कर, सुयोग. अर्धं नाही.
एसीचं विसर.
या कामाला वारा लागतो, गरम असला तरी.

हा सुहैलचा ट्रक. हातभर लांब,
आणि किंमत तुझ्या-माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी.
दुपारभर टेकड्यांवरून उड्या मारून आलाय,
सांध्यासांध्यात तांबडी वाळू.
अल ऐनची वाळू अशीच,
कुणी जांभा किसून ठेवल्यासारखी.

थांब, हात नको लावू. आधी विचार:
टाकीत काही उरलंय?
सुहैल म्हणतो, खलास.
सुहैल सतरा वर्षांचा आहे.
तू झाकण उघड, नळी लाव, ट्रक कलता कर,
शेवटचा थेंब डब्यात जाऊ दे, डब्याला बूच.
मग बॅटरी काढ. मग प्लगवरचा इग्नायटर.
तो चुकून राहतो,
आणि चुकून राहिलेलंच माणसाला शोधत येतं.

इंजिन निवलं का, ते तळहाताला विचार,
दोन बोटं लांबून.

वास आला? ओळखलास?
एरंडेल. वंगणाला घालतात या इंधनात.
आमची आई महिन्यातून एकदा
नाक दाबून पाजायची, वर कोरा चहा.
बाणकोटात ज्या वासाला घाबरून मी माडावर चढलो
त्याच वासात इथे एकोणीस वर्षं काढली.
हसतोस. म्हणशील, मुकादमचाचांचं
एरंडाचं गुऱ्हाळ सुरू झालं.
म्हण. पण एवढं ऐकून घे:
एरंडेल गरीब आहे. त्याच्या सोबतीला जे असतं
त्याची ज्योत उन्हात दिसत नाही.

टीकाराम तिथे बसायचा, खांबापाशी.
दुपारचा दीड. शटरबाहेर भर उन्हात
फडकं, ब्रश, स्पिरिटची फवारणी,
इंजिन अजून तापलेलं.
आम्ही आतून पाहिलं, टीकाराम नाचतोय.
हात झटकतोय, स्वतःभोवती फिरतोय.
कुंजुमोनने टाळ्या वाजवल्या.
मीही.
धूर नाही, लाल नाही, पिवळं नाही,
नुसती त्याच्या बाहीभोवतीची हवा
पाण्यातून पाहिल्यासारखी हलत होती.

वाळूची बादली होती. आम्ही धावलो.
बादलीत सिगारेटची थोटकं होती,
आणि कुणीतरी टाकलेलं चहाचं पाकीट.

जिवंत आहे. धरानला मोबाईलचं दुकान आहे त्याचं.
ईदला निरोप पाठवतो, छोटा.
एका हाताने लांब लिहिता येत नसेल.

म्हणून हे काम आता सूर्य बुडाल्यावर.
अंधारात ती निळी तरी दिसते.
मोबाईल लांब ठेव. हातमोजे घाल, हे स्पिरिट
कातडीतूनही आत जातं. चष्मा.
कार्ब्युरेटरला पिशवी, पिशवीला रबर,
सायलेन्सरच्या तोंडात बोळा.
(बोळा मोज. एक घातला, तर एकच काढायचा.)
आधी कोरडा ब्रश. वाळू या कागदावर पडू दे.
फवारा नंतर, आणि रिसीव्हरच्या डबीवर कधीच नाही.
हवेचा पाइप हळू, बेअरिंग शिटी वाजवेल
इतका जवळ नेऊ नको.
तेलकट फडकी पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट.

झालं? आता दोन थेंब तेल पोटात,
आणि चाक बोटाने फिरव, सावकाश,
झोपलेल्याचा कूस बदलावी तसं.

सुहैल येईल, म्हणेल, नवाच दिसतो.
पैसे ठेवेल, निघून जाईल.
तू साबणाने दोनदा हात धू, मगच आईला फोन कर.
ती विचारेल, काम कसलं?
खेळणी पुसतो, सांग. खोटं नाही ते.

आणि हा कागद फेकू नको.
वाळू कोरडी आहे ना, बोटांत घेऊन बघ.
जा, बादलीत ओत.