वरचं बटण

म्हापशात, पोदेराच्या भट्टीवरची खोली.
भिंत पहाटे चारलाच तापते
म्हणून हार्ड डिस्क आम्ही पलीकडे, जुन्या न्हाणीत ठेवतो.

पहिले तीन आठवडे फ्लावियाबाईंनी मला काही कापू दिलं नाही.
नुसतं बघ, म्हणाल्या, आणि वहीत लिही.
एकशे त्रेसष्ट तास.
एक खाजन, खाडीचं पाणी अडवणारी एक मानस,
आणि तिची दारं उघडणारा-मिटणारा इनास,
वय विचारलं की भरतीची वेळ सांगणारा.

मी लिहीत गेले:
बोलण्याआधी नाक ओढतो.
'बांद' म्हणताना हात पाण्याकडे, नजर नाही.
अकराव्या मिनिटाला दिग्दर्शक मध्येच 'हं' म्हणतो.
दोन सेकंदांनी पुन्हा हं.
हे हं इनासच्या सगळ्या चांगल्या वाक्यांवर
माशीसारखं बसलंय.
हाकललं तर वाक्याचा तुकडाही उडतो.

चवथीनंतर मला एक सीन मिळाला, दोन मिनिटं चाळीस.
मंगळवारचं 'म्हजो पूत तारवार गेला' उचललं,
शुक्रवारचं 'आतां दारां कोण उगडटलो?' त्याला जोडलं,
मध्ये खेकड्याचा शॉट.
सांधा दिसेना. माझं मलाच रडू आलं.

बाईंनी दोनदा बघितलं.
मग स्क्रीनवर तळहात ठेवून फक्त ऐकलं.
मग खेकडा काढला.
खाली इनास उभा, एकाच दुःखात,
सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, आणि उघडं.

"शुक्रवारी कुठल्या दारांबद्दल बोलत होता?"
कपेलाच्या. फेस्ताच्या आदल्या दिवशी किल्ली हरवलेली.
पण त्याच्या मनात तेच असणार ना, मी म्हटलं.
बाई चहा टाकायला उठल्या.
रस्त्यावर पोदेराचा भोंपू वाजला,
मी सवयीनं आवाजाची पट्टी शोधली. तो खरा होता.

सांधा सोडला. आता तिथे चौदा सेकंद
पूत तारवार गेला म्हणतो,
नाक ओढतो,
आणि पुढे बोलत नाही.
दिग्दर्शकाचं हं आहे. तेही ठेवलं.

नाताळाआधी दिवाडीच्या फेरीबोटीत तो दिसला,
सायकलीला सुंभानं बांधलेला नवा पत्रा.
त्याचा डावा गुडघा कसा वाजतो मला ठाऊक,
पापणी किती फ्रेमनी लवते तेही.
त्यानं नाक ओढलं
आणि मी थांबले: आता बोलेल.
"कोणालें गो तूं?"

नाव सांगितलं. डिचोली सांगितलं.
त्यानं मान हलवली, आणि कठड्याशी रेलून
मुलाचं काहीतरी सांगायला लागला,
एकशे त्रेसष्ट तासांत कुठेच नसलेलं.
इंजिनाचा आवाज मोठा. निम्मं कळलंच नाही.

मी म्हटलं, हं.
थोड्या वेळानं पुन्हा,
हं.