हात वर

स्किर्मान्ते आली तेव्हा नोव्हेंबर लागला होता,
पानेवेझिसला चार वाजताच दिवे लावावे लागत होते.
खांद्यावर एकच बॅग, लांबट, सहा रॅकेटींची.
आत आता दोन टॉवेल, नवे बूट
आणि आईने बांधून दिलेला काळा पाव.
मी या संघात बारा वर्षं चेंडू वाहते आहे.
सत्तावीस वर्षांच्या या नवख्या पोरीला
कुठे उभं राहायचं, ते मीच सांगायचं ठरलं.

आमच्याकडे उंच मुलगी जन्मली
की अंघोळ घालून थेट रिंगखाली नेतात.
ही आठव्या वर्षी मातीच्या कोर्टावर गेली,
एकटीच, भिंतीशी बोलायला.
एकोणीस वर्षं. त्यातली अकरा विमानतळांवर.
जगात दोनशे बारावी.
म्हणजे चांगलं का? मी विचारलं.
म्हणजे हॉटेलचं बिल कसंबसं निघतं, ती म्हणाली.
मॅनेजरने करार पुढे केला तेव्हा
तिने तीनदा वाचून विचारलं:
हरलो तरी पगार?

पहिल्या सरावाला चेंडू तिच्या हातात अडकून पडायचा.
"तिकडे मारायचा तो परत येऊ नये म्हणून.
इथे आपणहून देऊन टाकायचा
आणि परत येईल म्हणून वाट बघायची?"
वाट बघायची नाही गं,
पळायचं.

धक्का लागला की माफी मागायची.
रुता आमची सेंटर, नव्वद किलोंची,
ती हिला ढकलून द्यायची
आणि हीच खालून म्हणायची, माफ कर.
शेवटी रुता वैतागली:
ढकलणं ही माझी भाकरी आहे, तिची कसली माफी!

फ्री थ्रोच्या रेषेवर मात्र ती आपल्या घरी असायची.
चेंडू चारदा आपटायचा, सर्व्हिसच्या आधी आपटतात तसा,
मग थांबायचं.
कशासाठी, ते आम्हाला उशिरा कळलं.
ती लोक गप्प व्हायची वाट बघत होती.
क्लाइपेदाची माणसं तर ढोल घेऊन येतात.
पाच सेकंद सरायचे, शिट्टी वाजायची,
चेंडू त्यांचा.

टेनिस का सोडलंस, असं मी विचारलं नाही.
झोपताना ती उजव्या खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवते
हे एका खोलीत राहून दिसलं होतं, तेवढं मला पुरे होतं.
तिनेच एकदा बसमध्ये, काचेकडे बघत, सांगितलं:
"जिंकल्यावर नेटपाशी जायचं आणि हात मिळवायचा
तो हरलेल्या बाईशी.
दुसरं कुणी नसायचंच तिथे."
बाहेर बर्फ, अंधार, मध्येच एखादा पेट्रोल पंप.
मागे रुता घोरत होती.

फेब्रुवारीत, क्लाइपेदाशीच,
तिसऱ्या डावात चेंडू तिच्याकडे उरला, घड्याळात एक सेकंद.
तिने तो फेकला कसला, हातातून झटकला.
फळीच्या कोपऱ्याला लागला, रिंगवर दोनदा नाचला,
मनात नसताना आत पडला.
सगळं सभागृह उठलं.
आणि हिने मान खाली घालून
समोरच्या मुलीकडे बघत हात वर केला.

पंच गोंधळला. इथे हात वर म्हणजे
फाउल माझा, कबूल.
तो टेबलाकडे बघतो, टेबल त्याच्याकडे.
त्यांची गार्ड मला विचारते, हिला काय झालंय?
मी म्हटलं, काही नाही.
नेटला घासून चेंडू पलीकडे पडला
की तिच्या गावी असं करतात.
नशिबाने मिळालं, एवढं सांगायचं असतं.
"आणि गुण?"
गुण ठेवून घेतात.

नऊ गुणांनी हरलो आम्ही तो सामना.
कपडे बदलताना सगळ्याजणी हात वर करून हसत होत्या,
साबण द्यायलाही हात वर, दार उघडायलाही.
तीही हसली, सगळ्यात उशिरा.

परवा माझा एक आंधळा पास
दोघींच्या पायांतून घरंगळत
बरोबर तिच्या ओंजळीत गेला. टोपली.
माझा हात खांद्यापर्यंत वर आलासुद्धा.
मग मी कान खाजवला.