पाणी जोखणं

कारासयोकमध्ये डिसेंबरात खिडकी कामाची नाही.
रिफ्रॅक्टोमीटर उजेडाकडे धरायचा असतो,
म्हणून मी तो टेबलावरच्या दिव्याकडे धरते
आणि एक डोळा मिटते.

आधी शुद्ध पाण्याचा थेंब.
एक पूर्णांक शून्य शून्य शून्य.
यंत्र शुद्धीवर आहे.
मग मुस्तेचा थेंब.

निळ्याखालची रेघ शून्य-एक-शून्यपाशी थांबते.
तिशीच्या पुढे जायला हवी होती.
काच पुसते, पुन्हा थेंब.
तिथंच.

मुस्ते: काळा, वय तेरा, उजवा कान फाटका,
अकरा हिवाळे रेनडिअरांच्या मागं.
योव्नानं नमुना पळीत धरून
मुरंब्याच्या बाटलीत आणला,
क्लाउडबेरीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही.
साखर असेल म्हणून पट्टी बुडवली. नव्हती.
घासून आणली होती बाटली.

रक्तातलं क्रिएटिनिन जेमतेम हद्दीत.
पण ते मांसाच्या हिशेबानं बोलतं,
आणि मुस्तेच्या बरगड्या मी नमुना घेताना मोजल्यात.
युरिया मात्र लपवत नाही काही.

मूत्रपिंड आतल्या गाठीचं.
तीन हिस्से गेले तरी
उरलेला एक हिस्सा संसार ओढतो,
घरात कुणाला पत्ता लागू देत नाही.

योव्ना दारापाशी उभा, टोपी डोक्यावरच.
मी वाक्य जुळवत होते,
या कामात दोन-तीन पाठ असतात.
तोच म्हणाला,
‘पहिल्या बर्फापासून
याचा बर्फ पिवळा होत नाही, सोल्फ्रिड.
भोक पडतं. रंग नाही.
आणि चालताना थांबून थांबून बर्फ खातो.’

माझ्या हातात कागद होता.
त्यावर तेच, दशांशासकट.

‘मग एवढ्या लांब आणलात कशाला?’
विचारलं आणि विचारायला नको होतं.

‘वाटलं,
तुमच्या काचेत वेगळं दिसेल काही.’

खाण्याचं सांगितलं, फॉस्फरस कमी,
पाणी अडवू नका, कळपामागं नेऊ नका.
शेवटच्यावर त्यानं मान हलवली नाही.
बाटली परत मागितली.
मी ती तीनदा धुतली, गरम पाण्यानं,
चिठ्ठी भिजू न देता.

बाहेर पायरीशी मुस्ते बर्फ चाटत होता.
स्कूटर सुरू करायची घाई
योव्नानं केली नाही.