दहा म्हणेपर्यंत

वाळूजला, वजनकाट्याच्या मागच्या गल्लीत
गयासभाईंचं प्लेटिंगचं शेड.
आमच्या कंपनीचे ब्रॅकेट, क्लॅम्प, नट
इथे येतात काळे, तेलकट
आणि जातात नव्या नाण्यांसारखे खणखणत.
दारातच मी वहीत लिहिलं : पुरवठादार क्रमांक एकशे बारा.
गयासभाई म्हणाले, लिहा ना साहेब,
मागच्या साहेबांनी पण लिहिलं होतं.

पहिल्या दिवशी मी काहीच बोललो नाही.
जेवणाच्या सुट्टीत मशिनी गप्प झाल्या,
आम्लाच्या वासात ठेच्याचा वास मिसळला,
आणि तरी भिंतीपाशी कोणीतरी कुजबुजत होतं
फिस्स
फिस्स
हवेची नळी.
साबणाचं पाणी फासलं, तर नऊ ठिकाणी फुगे.
गयासभाईंचा नातू टाळ्या पिटत राहिला.
एकेक फुगा म्हणजे विजेचं बिल
हे त्याला कोणी सांगितलं नाही.

मग हौद.
कौसाबाई सोळा वर्षं या हौदांपाशी.
रॅक उचलायची, की लगेच पुढच्या पाण्यात.
मधल्या फरशीवर हिरवट-पिवळी ओळ,
ओळ मोरीत, मोरी नाल्यात,
नाला कुठे जातो ते विचारायचं नाही, असं ठरलेलं.
आणि दारात रोज टँकर.

मी म्हणालो, रॅक हौदावरच धरा.
निथळू द्या. दहा म्हणेपर्यंत.
ती म्हणाली, नगावर पैसे हायेत, साहेब.
तुमच्यापाशी दहा असतील,
मी कुठून आणू?

मी वही चाळली.
त्याचा रकाना नव्हता.

पुढच्या खेपेला पाहतो तर
हौदाच्या वर आडवा भंगारातला पाइप, त्याला चार हुक.
गयासभाईंनी रात्री स्वतः वेल्डिंग केलेलं, जरा वाकडंच.
एक रॅक टांगायचा, तोवर दुसरा हाती घ्यायचा.
दहा आपोआप होतात.
जे फरशीवर सांडत होतं
ते जिथलं तिथं, थेंब थेंब, हौदात परत.

मग पाणी उलटं फिरवलं :
शेवटच्या हौदाचं मधल्याला,
मधल्याचं पहिल्याला.
मी फळ्यावर बाण काढून समजावत होतो
तेवढ्यात कौसाबाई हसली.
आवो, हे तर घरी करतोच की.
तांदूळ धुतल्याल्या पाण्यात भांडी,
भांड्याचं पाणी लिंबुनीला.
तुमच्यात ह्याला काय म्हणत्यात?
मी इंग्रजी नाव सांगितलं.
तिनं ते तोंडात घोळवलं आणि
मोरीकडे बघून सोडून दिलं.

आता टँकर तिसऱ्या दिवशी.
उत्तरेश्वर ड्रायव्हर रुसल्यासारखा विचारतो,
भाई, दुसरा लावला काय कोणी?

कंपनीत माझे फोटो दाखवले गेले.
आधीची फरशी, नंतरची फरशी.
टाळ्या झाल्या, समोसे झाले.
आणि खरेदी विभागाकडून दोन ओळींचं पत्र :
आपला खर्च कमी झाल्याचे समजले,
तरी दरात दोन टक्के कपात करावी.
पोचवायला मलाच दिलं.

गयासभाईंनी चष्मा पुसून वाचलं.
चहा मागवला, अर्धा-अर्धा.
बराच वेळ बशीकडे बघत होते.
पाणी उलटं चालवलंत साहेब, म्हणाले,
पैसा मात्र उताराकडेच जातो.

रात्री मी उत्तर लिहिलं. माझ्या सहीनं.
हे दोन टक्के हौदापाशीच राहू द्यावेत,
हातमोजे घ्यायचेत, पंखा बसवायचाय,
आणि कौसाबाईंचा नगाचा दर
नऊ वर्षं हललेला नाही.
ते कोणाच्या टेबलावर आहे, माहीत नाही.
एकजण म्हणाला, तू कोणाकडून आहेस रे?

आज पुन्हा आलोय.
नळीवर दहावं ठिकाण सापडलं, नातवानंच दाखवलं.
कौसाबाईनं रॅक हुकाला लावला,
दुसरा उचलायला वळली.
ती मोजत नाही आता.
मीच उभा आहे, वही मिटून,
सात
आठ